तिचा रिपोर्ट म्हणजे त्याचा रिपोर्ट नव्हे

(सामुदायिक रेडिओवरच्या आरोग्याच्या कार्यक्रमात एका समुपदेशक ताईंनी केलेलं हे भाषण. बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवता यावं म्हणून बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)

संध्याकाळची वेळ आहे. कुणी भाकरी थापत असेल, कुणी डेअरीत दूध घालून आत्ताच घरी आली असेल. हाताला काम असू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज जे बोलणार आहे ते थोडं संकोचाचं आहे. घरातली मोठी माणसं शेजारी बसली असतील तर आवाज जरा कमी करा, पण रेडिओ बंद करू नका.

मी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात समुपदेशक आहे. एचआयव्हीची मोफत तपासणी होते ते हे केंद्र. माझ्यासमोरच्या खुर्चीवर सगळ्यात जास्त कोण बसतं, सांगा पाहू? गरोदर बायका. दिवस राहिले की हिमोग्लोबिन, साखर, कावीळ यांच्याबरोबर एचआयव्हीचीही तपासणी होते. आशाताई घेऊन येतात, बाई निमूटपणे हात पुढे करते, रक्त देते. आणि नवरा? तो बाहेर मोटारसायकलवर बसलेला असतो. त्याला आत बोलावलं की ठरलेलं उत्तर येतं, "तिची झाली ना तपासणी? निगेटिव्ह आली ना? मग माझी कशाला?"

मैत्रिणींनो, हा गैरसमज आज आपल्याला खोडायचा आहे. बायकोचा रिपोर्ट हा नवऱ्याचा रिपोर्ट नसतो. एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी जोडपी असतात, आणि वर्षानुवर्षं तशी असू शकतात. प्रत्येक संबंधातून लागण होतेच असं नाही, पण कोणत्या संबंधातून होईल हेही कुणी सांगू शकत नाही. त्यामुळे तिचा निगेटिव्ह म्हणून तो सुटला असं नाही, आणि तिचा पॉझिटिव्ह म्हणून त्याला झालाच असेल असंही नाही. ज्याचं रक्त त्याचाच रिपोर्ट.

तुम्हाला एका ताईची गोष्ट सांगते. नाव, गाव सांगणार नाही. दहा वर्षं होऊन गेली असतील. पाचवा महिना होता तिचा. तपासणी पॉझिटिव्ह आली. मी तिला धीर दिला, एआरटीची औषधं सुरू करून दिली, बाळाला लागण होऊ नये म्हणून काय करायचं ते समजावलं. आणि शेवटी, रोजच्या सवयीनं, हातात एक चिठ्ठी दिली. नवऱ्याला तपासणीला घेऊन या, म्हणून.

पुढच्या वेळी ती एकटी आली. त्याच्या पुढच्या वेळीही एकटी. तिसऱ्या वेळी मी जरा रागावूनच विचारलं, "अगं, चिठ्ठी दिली होती ना मी?" तेव्हा तिनं सांगितलं, चिठ्ठी तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलीय. नवऱ्याला दाखवली तर पहिला प्रश्न येणार, तुझी का केली? दुसरा प्रश्न, तुला कुठून आला? आणि तिसरं काय होईल ते तिला ठाऊक होतं. आधी एकदा तिचा हात मोडलेला होता.

मी तिला घरातलं काहीच विचारलं नव्हतं. चिठ्ठी दिली आणि माझं काम झालं, असं मला वाटलं होतं. आपल्याकडे सगळे निरोप बाईच्याच हाती द्यायची सवय आहे, आणि निरोप पोचवताना तिचं काय होईल हे कुणी विचारत नाही. त्या दिवशी मीही तेच केलं होतं.

दोन-अडीच महिन्यांनी तिचा भाऊ त्याला घेऊन गेला. आमच्याकडे नाही, दुसऱ्या तालुक्याला, जिथं ओळखीचं कुणी नाही अशा केंद्रात. त्याची तपासणी निगेटिव्ह आली. मग तो कागद घेऊन तो माझ्याकडे आला आणि खुर्चीवर बसून म्हणाला, "आता मी काय करू? तिला सोडू, की मलापण व्हायची वाट बघू?" तेव्हा कंडोम वापर आणि तिची औषधं चुकू देऊ नको, एवढंच मी त्याला सांगू शकले. आज तो आला असता तर माझ्याकडे सांगायला आणखी दोन गोष्टी असत्या. एक घरच्या घरी करायची तपासणी, आणि दुसरी, लागण होण्याआधीच घ्यायची गोळी. आजचं बोलणं या दोन गोष्टींचं आहे.

आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे. तिथल्या व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी किसुमू हे शहर आहे. तिथंही बायका गरोदरपणात तपासणी करून घेत, आणि पुरुष येत नसत. आपल्यासारखंच सगळं. तिथल्या संशोधकांनी ६०० बायकांचे दोन गट केले. एका गटातल्या बायकांच्या हाती चिठ्ठी दिली, नवऱ्याला दवाखान्यात या म्हणून बोलावणारी. दुसऱ्या गटातल्या बायकांना घरी वापरायची दोन तपासणी किट दिली आणि ती कशी वापरायची ते शिकवलं. तीन महिन्यांनी पाहिलं, तर चिठ्ठीच्या गटात शंभरातल्या ५२ जणींच्या जोडीदारांनी तपासणी केली होती. किटच्या गटात शंभरातल्या जवळजवळ ९१ जणींच्या. हा अभ्यास २०१६ साली छापून आला, आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं घरच्या तपासणीची शिफारस केली.

का बरं एवढा फरक पडला? पुरुषाला सुईची भीती नसते, रांगेची असते. ओळखीचं कुणी बघेल, ही भीती असते. शिवाय दिवसाची मजुरी बुडते. घरच्या तपासणीत ना रांग, ना खाडा, ना कुणी बघणारं.

आता हे किट असतं कसं? दोन प्रकार आहेत. एकात बोटाला बारीक टोचून थेंबभर रक्त घ्यायचं. दुसऱ्यात एक चपटी कांडी असते, ती वरच्या आणि खालच्या हिरडीवरून एकेकदा फिरवायची आणि सोबतच्या नळीतल्या द्रवात उभी ठेवायची. किती मिनिटं थांबायचं ते किटवर लिहिलेलं असतं, आणि ते घड्याळ लावूनच पाळायचं. लवकर पाहिलं तरी चूक, तासाभरानं पाहिलं तरी चूक. गरोदरपणाच्या तपासणीची पट्टी तुम्ही पाहिलीच असेल, तशाच रेघा येतात. एकच रेघ, ती किट चालू असल्याची खूण, म्हणजे निगेटिव्ह. दोन रेघा आल्या तर पुढची तपासणी हवी. खुणेची रेघच आली नाही तर ते किट वाया गेलं, दुसरं वापरायचं.

इथं एक शंका नेहमी येते. हिरडीवरच्या ओलाव्यातून एचआयव्ही कळतो, म्हणजे तो थुंकीतून पसरतो की काय? उष्टं खाल्लं तर होतो की काय? नाही बायांनो. विषाणूशी लढायला शरीर जी प्रतिद्रव्यं तयार करतं, त्यांची खूण ती कांडी शोधते. एका ताटात जेवून, एका पेल्यातून पाणी पिऊन, मुलाचा पापा घेऊन एचआयव्ही होत नाही. कालही होत नव्हता, आजही होत नाही.

या किटच्या तीन मर्यादा मात्र पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, दोन रेघा म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. आयसीटीसी केंद्रात जाऊन वेगवेगळ्या तपासण्यांनी खात्री केल्यावरच पॉझिटिव्ह म्हणायचं. दुसरी, लागण नुकतीच झाली असेल तर किटवर दिसत नाही. दिसायला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून मधल्या काळात धोका झाला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. आणि तिसरी, जे आधीपासून एआरटीच्या गोळ्या घेतात त्यांनी हे किट वापरू नये. औषधामुळे ते खोटं निगेटिव्ह दाखवू शकतं, आणि एखादा "बरा झालो" म्हणून गोळ्या सोडून देतो. एचआयव्ही औषधानं ताब्यात राहतो, निघून जात नाही.

बरं, तपासणी झाली. पॉझिटिव्ह आली तर रस्ता ठरलेला आहे, एआरटी केंद्र. आपल्या देशात ही औषधं सरकार २००४ सालापासून मोफत देतं. पण निगेटिव्ह आली तर? आजवर आपण म्हणायचो, "चला, सुटलात, सांभाळून राहा." त्याच्या पुढचा धोका तसाच राहायचा. आता इथं गोळी येते.

हिला प्रेप म्हणतात. तुम्ही पेरणीच्या आधी बियाण्याला औषध चोळता ना, बीजप्रक्रिया करता? रोग आलेला नसतो, येऊ नये म्हणून करता. प्रेपचं तसंच आहे. ज्याला एचआयव्ही नाही पण होण्याचा धोका आहे, त्यानं ही गोळी रोज घ्यायची. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन अशी दोन औषधं तिच्यात असतात. शरीरसंबंधातून विषाणू आत आलाच, तर त्याला मूळ धरू देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली धोक्यात असलेल्या सगळ्यांसाठी ही गोळी सुचवली. आपल्या देशाच्या एड्स नियंत्रण संघटनेनं, नॅकोनं, २०२२ साली तिच्याबद्दलच्या मार्गदर्शक सूचना काढल्या.

खरंच काम करते का? केनिया आणि युगांडात ४,७४७ जोडप्यांचा मोठा अभ्यास झाला. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता, दुसऱ्याला नव्हता. शंभरातल्या ६२ जोडप्यांत निगेटिव्ह असलेला तो नवरा होता. म्हणजे माझ्यासमोर येऊन बसलेल्या त्या माणसासारखे हजारो पुरुष. दोन औषधांची गोळी ज्यांना दिली, त्यांच्यात लागण ७५ टक्क्यांनी कमी झाली. आणि ज्यांच्या रक्तात औषध सापडलं, म्हणजे ज्यांनी ती खरोखर घेतली होती, त्यांच्यात ९० टक्क्यांनी कमी झाली. गोळी घेतली तरच ती काम करते. उशाला ठेवून नाही.

आता या दोन गोष्टींची जोडी का लावायची, ते नीट ऐका. ही गोळी निगेटिव्ह माणसासाठीच आहे. एचआयव्ही आधीच असेल आणि नुसती प्रेप घेत राहिलं, तर ते औषध अपुरं पडतं. एकच कीटकनाशक अर्ध्या मात्रेत मारत राहिलं की कीड त्याला दाद देईनाशी होते, हे कापूस लावणाऱ्या बायकांना मी काय सांगू? विषाणूचंही तसंच होतं. मग पुढे त्या औषधांचा उपयोग होत नाही. म्हणून गोळी सुरू करायच्या आधी तपासणी, आणि गोळी चालू असतानाही दर तीन महिन्यांनी तपासणी. तपासणीशिवाय गोळी धोक्याची आणि गोळीशिवाय नुसती तपासणी अर्धवट.

पण दर तीन महिन्यांनी दवाखान्यात या म्हटलं की पुरुष पुन्हा गळतात. ऊसतोडीला गेलेला माणूस टोळी सोडून कसा येणार? ट्रकवरचा माणूस कुठल्या राज्यात असेल, कोण जाणे. केनियातल्याच थिका गावी यावर एक उपाय करून पाहिला. तीन महिन्यांऐवजी सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या आणि मधल्या तपासणीसाठी किट सोबत दिलं. तिसऱ्या महिन्याला घरी तपासायचं, सहाव्या महिन्याला दवाखान्यात यायचं. वर्षाच्या चार खेपांच्या दोन झाल्या. २०२३ साली निष्कर्ष आले. तपासणीत आणि गोळ्या नेण्यात हे लोक नेहमीच्या पद्धतीच्या लोकांपेक्षा मागे पडले नाहीत. जी खेप टळली तिच्यामुळे काही बिघडलं नाही, आणि मजुरी वाचली.

नवरा-बायकोतली एकच व्यक्ती पॉझिटिव्ह असेल, तर आणखी एक आशेची गोष्ट आहे, आणि तिच्यात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांचा एक अभ्यास झाला, त्यात भारतातून पुणे आणि चेन्नई इथली जोडपी होती. २०११ साली त्यातून दिसलं, की पॉझिटिव्ह जोडीदाराला एआरटी लवकर सुरू केली तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी टळते. आज तर आपण खात्रीनं सांगतो, की औषधं नेमानं घेऊन रक्तातला विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. पण हे व्हायला काही महिने लागतात. त्या मधल्या महिन्यांसाठी नवऱ्याला प्रेप. ओढ्याला पाणी असेपर्यंत फरशीवरून जायचं, तसं. बायकोच्या औषधाला सहा महिने झाले, तिचा व्हायरल लोड दबला, की डॉक्टरांना विचारून त्याची गोळी थांबवता येते.

प्रेप सगळ्या पुरुषांनी घ्यायची का? नाही. ज्याची जोडीदार पॉझिटिव्ह आहे आणि तिचा विषाणू अजून दबलेला नाही, ज्याचे एकाहून जास्त जणांशी किंवा जणींशी संबंध आहेत आणि कंडोम नेहमी वापरला जात नाही, जो पुरुषांशी संबंध ठेवतो, जो सुईनं नशा करतो, अशांसाठी ती आहे. पुरुषांशी संबंध ठेवणारे कितीतरी पुरुष लग्न झालेले असतात, आपल्याच गावातले असतात. त्यांना नावं ठेवली तर ते दवाखान्याची पायरी चढत नाहीत, आणि त्याची किंमत घरातली बाईही मोजते. अशाच धोक्यात असलेल्या बाईलाही ही गोळी घेता येते.

गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायची. आधी मूत्रपिंडाची आणि कावीळ-बीची तपासणी लागते. सुरुवातीला काहींना मळमळतं, डोकं दुखतं, ते बहुधा काही दिवसांत थांबतं. पहिल्या दिवसापासून पूर्ण संरक्षण मिळत नाही, म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस जास्त सांभाळायचं. गुप्तरोग आणि नको असलेला गर्भ प्रेपनं टळत नाही, त्याला कंडोमच. आणि धोका कालच होऊन गेला असेल, तर त्याला प्रेप नाही चालत. त्यासाठी वेगळा उपचार असतो, तो ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. तेव्हा थेट रुग्णालय गाठायचं.

आता तुम्ही विचाराल, ताई, हे किट आणि ही गोळी आमच्या गावात कुठे मिळेल? मेडिकलवर जाऊन मागू नका. १०९७ या क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे. किंवा जवळच्या आयसीटीसी केंद्रात विचारा. किट नसलं तरी तिथली तपासणी मोफत आहे आणि गुप्त राहते. आपल्या तालुक्यात संकोच वाटतो? शेजारच्या तालुक्यात जा. त्या ताईच्या नवऱ्यानं तेच केलं.

जाता जाता काही काळजीच्या गोष्टी. घरात मारहाण होत असेल, तर किट किंवा निरोप घरी नेऊ नका. आधी समुपदेशकाला सांगा. नवऱ्याला कळवण्याचा दुसरा मार्ग काढता येतो. भाऊ असेल, दीर असेल, दवाखान्यातला पुरुष कर्मचारी असेल. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं हे मान्य केलंय. बाईला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर दवाखान्यानं तिची माहिती जोडीदाराला कळवायची नाही. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच कायद्यानं, माणसाच्या मर्जीशिवाय त्याची तपासणी करता येत नाही. मग ती मुकादमानं सांगितलेली असो नाहीतर सासरच्यांनी. आणि हो, नवरा झोपलेला असताना त्याच्या हिरडीवरून कांडी फिरवायची नाही. हसू नका, मला हे विचारलेलं आहे! चोरून काढलेल्या निकालाचं पुढे काहीच करता येत नाही. गोळी त्यालाच गिळायची आहे, त्याची मर्जी हवीच.

गटातल्या बायकांना एक विनंती. कुणाची तपासणी झाली, कुणाची नाही, याची यादी गटात करू नका. त्यापेक्षा कारखान्याचा पट्टा पडून टोळ्या परत आल्या, की आरोग्य केंद्राला सांगून पुरुषांसाठी वेगळी बैठक ठेवा, बोलायला पुरुष कर्मचारी बोलवा, वेळ संध्याकाळची ठेवा. आणि एखाद्या घरात गोळ्यांची डबी दिसली, तर ती आजाराची असेल की आजार टाळण्याची, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. म्हणून त्यावर बोलूच नये.

त्या ताईचं काय झालं, हे राहिलंच. बाळाची अठराव्या महिन्याची तपासणी निगेटिव्ह आली. आता तो पोरगा शाळेत जातो. ती आजही औषधाला येते, तिचा विषाणू दबलेला आहे. नवरा बरोबर येतो. अजून बाहेर मोटारसायकलवरच बसतो, पण मी हाक मारली की आत येतो आणि स्वतःची तपासणी करून घेतो. आणि मी आता कुणाच्या हाती चिठ्ठी द्यायच्या आधी विचारते, "ही घरी नेली तर काय होईल गं?"

तुमचे प्रश्न नाव न घालता लिहून पाठवा, आपण पुढच्या भागात घेऊ.